पात्याची दोन बोटं

नगरकडे पाऊस कधी मनापासून येत नाही. जूनमध्ये तोंड दाखवतो, जुलैमध्ये रुसून बसतो आणि श्रावणात, बाजरी कमरेला लागलेली असते तेव्हा, पाव्हण्यासारखा चार दिवस राहून जातो. या भुरभुरत्या चार दिवसांतच नेमक्या शाळांच्या क्रीडास्पर्धा येतात. आधी तालुका, मग जिल्हा, मग नशीब असेल तर विभाग. ओल्या मुरमाचा वास नाकात गेला की माझ्या उजव्या मनगटात आजही काहीतरी हलतं. डॉक्टरांना विचारलं तर संधिवात म्हणतील, म्हणून मी विचारत नाही.

यंदा तो वास आला आणि पाठोपाठ गार्गी शाळेतून उड्या मारत आली. गार्गी म्हणजे माझी लेक, आठवीत आहे. हॉकीच्या संघात तिची निवड झाली होती आणि तिला स्वतःची स्टिक हवी होती. आम्ही मायलेकी गाडीवर बसून खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने काचेवर एकेक करत पाच स्टिक्स मांडल्या, काळ्या, निळ्या, चकचकीत. लाकडाचा मागमूस नाही. "उंची हिच्या कमरेच्या हाडापर्यंत घ्या, ते सोपं आहे," तो म्हणाला. "पातं कसलं देऊ? शॉर्टी, मिडी का मॅक्सी?"

पातं म्हणजे स्टिकचा खालचा वळलेला भाग, ज्याने चेंडू अडवायचा, वळवायचा, मारायचा. आमच्या वेळी त्याला इंग्रजी नावं नव्हती. आखूड पातं आणि लांब पातं, एवढंच. आखूड पातं हातात भिंगरीसारखं फिरतं, चेंडू इकडून तिकडे खेळवत न्यायला ते बरं. लांब पातं जरा जड आणि फिरायला सुस्त, पण समोरून सुसाट आलेला चेंडू अडवायचा तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

"आखूड," गार्गी म्हणाली.

"लांब," मी म्हणाले.

मग दुकानातच आमची जुंपली. मी तिला चालताना, पळताना, पोळपाटावर लाटणं फिरवताना बघितलेलं आहे. ही मुलगी लांब पात्याची आहे हे मला जितकं ठाऊक आहे तितकं तिच्या सरांनाही नसेल. ती म्हणाली, "आई, खेळणार मी आहे." मी म्हणाले, "खेळून मी झालेय." दुकानदार बिचारा एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. शेवटी आम्ही हात हलवत परत आलो. घरी येईपर्यंत ती गाडीवर मागे फुगून बसली होती, आणि मला राहून राहून एक दुसरीच फुगलेली मुलगी आठवत होती.

ती मुलगी म्हणजे मीच, नववीतली. सोनईच्या अलीकडे आमचं गाव. शाळा पत्र्याची, पण मैदान मोठं होतं, आणि त्या मैदानावर साळवे बाईंचं राज्य होतं. साळवे बाई आमच्या खेळाच्या शिक्षिका. नऊवारी नेसणाऱ्या आयांच्या गावात पांढऱ्या साडीचा पदर कमरेला खोचून, पायात कॅनव्हासचे बूट घालून त्या शिट्टी वाजवत धावायच्या. रविवारी सकाळी चर्चमध्ये पेटी वाजवायच्या आणि दुपारी आम्हाला मैदानावर बोलवायच्या. गावाला त्यांचं आधी हसू यायचं, मग सवय झाली, आणि आम्ही तालुका जिंकल्यावर अभिमानच वाटायला लागला. पण जिल्ह्याच्या पुढे आमचा संघ कधी गेला नव्हता. जिल्ह्याला जायचं आणि हरून यायचं, हे ठरलेलं. ते वर्ष बाईंच्या नोकरीचं शेवटचं होतं. मार्चमध्ये त्या निवृत्त होणार होत्या. त्या तोंडाने कधी बोलल्या नाहीत, पण एकदा तरी विभागाला जायचं, ही त्यांची इच्छा आम्हा सगळ्यांना माहीत होती.

स्टिक्स यायच्या गोणपाटाच्या पोत्यातून. भिंगारच्या कुणा ओळखीच्या फौजी माणसाकडून बाई जुन्या स्टिक्स मागून आणायच्या. पोतं मैदानात ओतलं की आम्ही त्यावर झेप घ्यायचो, आणि बाई ओरडायच्या, "हात लावायचा नाही! स्टिक मी देणार."

आणि देण्याआधी त्या आम्हाला मैदान झाडायला लावायच्या.

हे एक त्यांचं खास होतं. रात्रीच्या पावसाने मुरमातले खडे वर आलेले असायचे. सरावाआधी प्रत्येकीच्या हातात एक खराटा. आठवडाभर नुसतं झाडायचं. बाई कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसायच्या, मांडीवर वही असायची आणि त्या काही न बोलता बघत राहायच्या. आम्हाला वाटायचं, शाळेला शिपाई परवडत नाही म्हणून आम्हाला राबवून घेतात. माझी मैत्रीण नसरीन तर म्हणायची, "घरी अम्मी झाडायला लावते म्हणून इथं पळून येते, तर इथं पण तेच." तिचे अब्बा बाजारात बांगड्यांचं दुकान लावायचे. नसरीन चालायची तीही बांगड्या वाजवल्यासारखी, लचकत, झटपट. खराटाही तसाच मारायची, मनगटातून, छोटे छोटे फटकारे. मी मात्र कमरेत वाकून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब हात मारायची. माझ्यामागे मैदानावर मोठे अर्धगोल उमटायचे. मला ते आवडायचे.

आठवड्याने बाईंनी स्टिक्स वाटल्या. नसरीनला आखूड पात्याची मिळाली, तुतीच्या पिवळसर लाकडाची, गुळगुळीत. मला लांब पात्याची.

तेव्हा मला जे वाटलं ते आज लिहितानाही तितकंच ताजं आहे. आखूड पातं म्हणजे पुढे खेळायचं. चेंडू नाचवत न्यायचा, गोल करायचा, गावाने नाव घ्यायचं. लांब पातं म्हणजे मागे, गोलच्या तोंडाशी उभं राहायचं आणि आलं ते अडवायचं. गोल वाचवला तर कुणाला दिसत नाही, सुटला तर सगळ्यांना दिसतो. मी रडले नाही. तोंड मात्र असं वाकडं केलं की ते पुढे दोन महिने सरळ झालं नाही. बाई म्हणाल्या, "तुझ्या हातात हीच शोभते." मी मनात म्हटलं, शोभायला ही काय पैठणी आहे?

माझे वडील गावचे सुतार. त्यांना सगळं गाव आण्णा म्हणायचं, आणि मीही. कुळव, पाभर, खुरप्याच्या मुठी, बैलगाडीची चाकं, सगळं त्यांच्या हातचं. एका संध्याकाळी मी ती स्टिक त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उचलली आणि पोराच्या डोक्यावरून हात फिरवावा तसा त्या वळणावरून हात फिरवला.

"हे लाकूड उगं वाकल्यालं न्हाई," ते म्हणाले. "वाफंवर वाकिवल्यालं हाय. कोन कारागीर आसंल, लई गुणी मानूस."

"आण्णा, पातं दोन बोटं कमी करून पाहिजे."

"कमी? चांगलं हाय की. कोन म्हनलं?"

"बाईंनीच सांगितलंय."

खोटं बोलायला मला एक क्षणही लागला नाही, याचं मला अजून नवल वाटतं. साळवे बाईंचं नाव घेतल्यावर आण्णा काही विचारणार नाहीत हे मला ठाऊक होतं. माझ्या शिक्षणापायी त्या दोनदा घरी येऊन गेल्या होत्या. आण्णांनी त्यांच्या नावाला मान दिला आणि करवत उचलली. लाकडावर स्वतःची दोन बोटं ठेवून पेन्सिलीने रेघ मारली. पण करवत टेकवायच्या आधी थोडं थांबले आणि माझ्याकडे बघितलं. मी चुलीकडे बघत होते.

कापलेली कड त्यांनी कानशीने घासून इतकी गोल केली की मूळची तशीच वाटावी. वर जवसाचं तेल पाजलं. मी त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळली. कापून निघालेला दोन बोटांचा तुकडा आण्णांनी फेकला नाही. सुतार लाकूड फेकत नाही. कामाच्या पाटाचा एक पाय डगमगत होता, त्याखाली त्यांनी तो पाचर म्हणून ठोकून दिला.

त्यानंतरचे ते दोन आठवडे! स्टिक हातात हलकी झाली होती, चेंडू पात्याला चिकटून फिरत होता. जागा माझी मागचीच होती, पण मागून चेंडू घेऊन मी दोघीतिघींना चकवत पार मधल्या रेघेपर्यंत जायची. नसरीन ओरडायची, "अगं, मला दे की, तू कुठं निघालीस?" आणि हसायची. पावसात भिजत, मुरमाने पोटऱ्या लाल करून आम्ही घरी यायचो. बाजरीच्या शेतातून वारा यायचा, ओलसर, गोड. मला वाटतं, आयुष्यात इतकी खूश मी फार थोड्या वेळा असेन. आणि ती खुशी चोरीची होती, हेही तितकंच खरं.

जिल्ह्याचा अंतिम सामना नगरला होता. सकाळी एसटीच्या टपावर स्टिक्सचं पोतं चढवायच्या आधी बाईंनी ते नेहमीप्रमाणे उघडून मोजून घेतलं. आम्ही मागच्या बाकांवर बसून घसा ताणून गाणी म्हणत होतो.

सामना भुरभुर पावसात झाला. पूर्वार्धात कुणाचाच गोल नाही. उत्तरार्धातही नाही. मी चार गोल अडवले असतील, पण त्या आठवणीला आता काही अर्थ नाही. शेवटची काही मिनिटं उरलेली असताना समोरच्या संघाची एक उंच मुलगी उजवीकडून आली आणि तिने चेंडू तिरका मारला. तो मला दिसला. पुरेसा आधी दिसला. मी डाव्या गुडघ्यावर बसले, हात लांब केला, स्टिक जमिनीलगत आडवी टाकली, अगदी बाईंनी शिकवलं होतं तशी. चेंडू पात्याच्या टोकापासून सुटून मागे गेला. किती सुटला? मी बघितलं ना. दोन बोटं.

फळीवर चेंडू आदळल्याचा आवाज आला आणि पलीकडच्या मुली किंचाळायला लागल्या.

परतीच्या एसटीत कुणी गायलं नाही. बाई पुढच्या बाकावर बसून बाहेर बघत होत्या. उतरल्यावर त्यांनी पोत्यातून माझी स्टिक काढून घेतली. फक्त माझी.

दुसऱ्या दिवशी त्या स्टिक घेऊन आमच्या घरी आल्या. आण्णा रंधा मारत होते. मी दाराआड उभी होते, आणि आता जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला अगदी खरोखर वाटत होतं. आण्णांनी बाईंना खाट दिली, चहा सांगितला. मग त्यांचं लक्ष स्टिककडे गेलं.

"बाई, पातं तुमीच कापाया सांगितलं हुतं ना?"

बाईंनी दाराकडे बघितलं. मी तिथे आहे हे त्यांना कळलं होतं.

"पात्याच्या बाबतीत चूक माझी झाली, आण्णा," त्या म्हणाल्या. "पोरीला काही बोलू नका."

मग त्यांनी विषय बदलला आणि आण्णांना खराट्याचं सांगितलं. मुलगी झाडते कशी ते बघून त्या पातं ठरवतात. मनगटातून झाडणारीला आखूड, अंगातून झाडणारीला लांब. कशासाठी ते सांगून झाडायला लावलं तर मुली नाटक करतात, म्हणून त्या कधीच सांगत नाहीत. आठवडाभर कुणी नाटक करू शकत नाही. वहीत त्या हेच लिहायच्या. मी दाराआड ऐकत होते आणि माझे मैदानावरचे ते मोठे अर्धगोल मला आठवत होते. आण्णांचा चेहरा तर नुसता उजळला.

"व्हय का! मी बी तसंच करतो, बाई. कुराडीचा दांडा घालायचा आसला की गिऱ्हाइकाला आदी बसवितो. मग त्यो उठताना कंचा हात टेकतो, ते बघतो. तोंडानं इचारलं तर मानूस भलतंच सांगतं."

दोघंही हसली. एक पंचावन्नच्या पुढची, मिशनशाळेत शिकलेली बाई आणि एक चौथी पास सुतार, दोघं त्या पडवीत बसून बराच वेळ माणसांच्या हातांविषयी बोलत राहिली. इतक्या मोठ्या माणसांच्या मध्ये आपण एक खोटं घुसवलं, याची मला जी लाज वाटली ती आजतागायत पुसलेली नाही. बाई गेल्यावर आण्णा एवढंच म्हणाले, "बाई लई मोठी हाय." आणि पुन्हा रंधा मारू लागले. त्यांनी मला कधीच काही विचारलं नाही. पण त्या पाचरीवरचा पाट आण्णा वारेपर्यंत तिथेच होता, आणि पडवीत गेलं की माझी नजर आधी त्या पाचरीवर जायची. त्यांनाही ते दिसत असणार.

मार्चमध्ये बाई निवृत्त झाल्या. पुढच्या वर्षी मी लांब पात्याने खेळले आणि बरी खेळले. विभागाला आमची शाळा त्यानंतरही गेली नाही.

दुकानातल्या भांडणानंतरच्या रविवारी मी गार्गीला गाडीवर घातलं आणि बाईंकडे नेलं. त्या आता नगरलाच भाच्याकडे असतात. ऐंशीच्या पुढे गेल्यात, गुडघे गेलेत, नजर मात्र तीच आहे. माझा डाव सरळ होता. बाईंच्या तोंडून लांब पातं वदवून घ्यायचं, म्हणजे पोरीचं तोंड बंद. सणासुदीला मी त्यांना भेटते, पण इतक्या वर्षांत त्या स्टिकचा विषय मी कधी काढला नव्हता. त्यांनीही नाही.

अंगणात बदामाची पानं पडली होती. बाई खुर्चीवरून म्हणाल्या, "गार्गी, बाळा, जरा झाडतेस का तेवढं? माझ्याने वाकवत नाही." गार्गीने खराटा घेतला आणि कमरेत वाकून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लांब हात मारला. ओल्या मातीवर मोठा अर्धगोल उमटला. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी बाईंकडे. आम्ही दोघीही हसायला लागलो. आणि हसता हसता मला एकदम रडू आलं.

"बाई, ते पातं मी कापून घेतलं होतं," मी म्हणाले. "आण्णांशी खोटं बोलून. आणि तुम्ही माझ्यासाठी त्यांच्याशी खोटं बोललात."

"मी कशाला खोटं बोलू?" बाई म्हणाल्या. "चूक माझी झाली म्हणाले. ती झालीच होती."

"तुमची कसली चूक?"

"सकाळी एसटीपाशी पोतं मोजलं ना, तेव्हाच मला तुझी स्टिक दिसली होती. पट्टी माझ्या पद्धतीची नव्हती. हात लावून बघितलं, कड गोल लागली. तुझ्या वडिलांनी कानस काय सुरेख मारली होती गं! पोत्यात आणखी एक लांब पात्याची होती. ती तुला देता आली असती."

अंगणात खराट्याचा आवाज चालू होता.

"मग दिली का नाहीत? बाई, तुमचं शेवटचं वर्ष होतं."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला.

"तू गाणं म्हणत होतीस," त्या म्हणाल्या. "दोन महिने माझ्याकडे तोंड वाकडं करून बघणारी पोरगी मागच्या बाकावर बसून गाणं म्हणत होती. म्हटलं, आता स्टिक काढून घेतली तर हे गाणं थांबेल. खेळू दे." मग म्हणाल्या, "बरोबर केलं की चूक, अजून ठरत नाही बघ माझं."

माणसाच्या मोठेपणाला माप नसतं असं आपण सहज म्हणून जातो. मला ते माप त्या दिवशी सापडलं. सगळ्या नोकरीची एकच इच्छा, तिची शेवटची संधी, आणि ती या बाईने एका चोरट्या, खोटारड्या पोरीच्या गाण्यासाठी सोडली. सोडली ती सोडली, वर इतकी वर्षं बोलली नाही. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकले, तर म्हणाल्या, "ऊठ, गुडघे दुखतात माझे, धक्का लागेल."

गार्गी खराटा ठेवून आली. बाईंनी तिला विचारलं, "तुला कसलं पातं पाहिजे?"

"आखूड," ती म्हणाली, आणि माझ्याकडे चोरून बघितलं.

बाईंनी मान हलवली. ना हो, ना नाही. तिच्या हातावर दोन खजूर ठेवले.

घरी परतताना दुकान वाटेवरच होतं. पाऊस पुन्हा भुरभुरायला लागला होता. दुकानदाराने आम्हाला ओळखलं आणि न विचारताच लांब पात्याची काळी स्टिक काचेवर ठेवली. "ताई, हीच ना?"

"तिला विचारा," मी म्हणाले.

गार्गीने माझ्याकडे बघितलं. खात्री करून घेतली. मग पलीकडची निळी, आखूड पात्याची उचलली. मी काही बोलले नाही, फार कष्टाने बोलले नाही. बाहेर येऊन गाडी सुरू केली, ती मागे बसली, स्टिक तिने आमच्या दोघींच्या मध्ये उभी धरली. चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा मला ऐकू आलं. ती मागे बसून गाणं म्हणत होती.